पुण्यातला घरचा कचरा: सोसायटीत आणि ग्रुपवर सारखे येणारे प्रश्न

आमच्या भागातल्या सोसायट्यांमध्ये ओला-सुका वेगळा करायचं काम बघताना तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. हे सगळं पुणे महापालिकेच्या हद्दीतलं आहे, दुसऱ्या शहरात गाडी वेगळी, माणसं वेगळी, पण घरातला भाग सगळीकडे तोच. बरंच मोठं झालंय, तुमचा प्रश्न शोधून तेवढंच वाचलंत तरी चालेल, फक्त दुधाच्या पिशवीचं उत्तर सगळ्यांनी वाचा प्लीज.

आपण वेगळा करून काय उपयोग, शेवटी गाडीत एकत्रच टाकतात ना?

हा कायम पहिला प्रश्न असतो. काही ठिकाणी एकत्र होतं हे खरं आहे, तसं दिसलं तर फोटो काढा आणि महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर किंवा जवळच्या आरोग्य कोठीत (महापालिकेच्या सफाईच्या स्थानिक ऑफिसात) तक्रार टाका, एकट्याने नको, सोसायटीच्या नावाने टाका म्हणजे लक्ष दिलं जातं. पण पुण्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये दारातून कचरा गाडीवाला उचलत नाही, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई उचलतात. त्या सुका कचरा खाली पार्किंगच्या कडेला किंवा शेडमध्ये पसरतात, हाताने निवडतात, विकलं जाईल ते पोत्यात भरतात आणि उरलेलंच फीडर पॉइंटवर, म्हणजे गाडी थांबायच्या ठरलेल्या जागी, महापालिकेच्या गाडीला देतात. म्हणजे गाडी बघून "सगळं एकत्र चाललंय" असं आपण म्हणतो तेव्हा रिसायकल होणारा माल त्यातून आधीच बाजूला गेलेला असतो. तुम्ही एकत्र दिलंत तर मात्र तो बाजूला निघत नाही, कारण आमटीत भिजलेला कागद कोणी विकत घेत नाही.

स्वच्छ म्हणजे महापालिकेचेच कर्मचारी का?

नाही, ती कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. त्याआधी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, डॉ. बाबा आढाव पहिल्यापासून त्या लढ्यात होते. तोपर्यंत या बायका कुंड्यांमध्ये वाकून, कुत्र्यांमधून वाट काढत कागद आणि काच गोळा करायच्या आणि लोक त्यांना चोर समजून हाकलायचे. पंचायतीने पहिलं काय केलं तर ओळखपत्रं दिली. पुढे २००८ मध्ये स्वच्छचा महापालिकेशी करार झाला आणि त्या कुंडीवरून थेट आपल्या दारात आल्या. आज तीन हजारांच्या वर सभासद आहेत, बहुतेक बायका.

पोट दोन गोष्टींवर चालतं, घराघरातून मिळणारी महिन्याची फी आणि सुक्या मालाची विक्री. म्हणून सुका कचरा स्वच्छ देणं म्हणजे सरळ त्यांच्या कमाईत भर घालणं आहे, हे ज्या घरात एकदा समजलंय तिथे परत सांगायला लागत नाही असा माझा अनुभव आहे.

मालमत्ता कर भरतोय की, मग वर महिन्याची फी कशाला?

कारण करातून रस्ते झाडणं, गाड्या, प्रक्रिया प्रकल्प हे चालतं, दारातून उचलायच्या कामाचा पगार महापालिका ताईंना देत नाही. फीचा दर त्या मनाने ठरवत नाहीत, महापालिकेबरोबरच्या करारात ठरलेला असतो. आणि घनकचरा नियमांमध्येच लिहिलंय की कचरा तयार करणाऱ्याने फी द्यायची. आता हेही बघा, चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद असतानाही बादल्या घेऊन येणारी बाई महिनाअखेरीला तेवढ्या पैशांसाठी तीन-तीनदा बेल वाजवते हे बरं दिसत नाही. मेंटेनन्समध्ये एकत्र घेऊन एकदम द्या, सगळ्यांची कटकट वाचते.

घरात नेमके किती डबे ठेवायचे?

दोन डबे, एक पिशवी आणि एक खोका. एक डबा ओल्याला, एक सुक्याला, एक कागदी पिशवी सॅनिटरीसाठी, आणि एक जुना खोका बाल्कनीत किंवा माळ्यावर, ज्यात सेल, ट्यूब, बल्ब, औषधं, रंगाचे डबे असलं जातं. खोका वर्षातून एक-दोनदाच रिकामा करायचा असतो. ओल्याच्या डब्याला काळी पिशवी लावू नका, खाली रद्दीचा कागद घाला, डबा रोज धुवा. पिशवी लावली की ताईंना ती फाडून उलटी करावी लागते आणि आत काय आहे ते हाताला लागेपर्यंत कळत नाही.

दुधाच्या पिशवीचं एवढं काय?

सांगते. सकाळी घाईत आपण पिशवीचा कोपरा कात्रीने कापतो आणि तो छोटा त्रिकोणी तुकडा सिंकमध्ये किंवा ओल्यात पडतो. तो तुकडा कोणालाच वेचता येत नाही, नखाएवढा असतो, ओल्यातून खतात जातो, खतातून मातीत. शहरातली घरं मोजा आणि रोजचे तुकडे मोजा. तर कोपरा पूर्ण कापायचाच नाही, अर्धवट चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. मग पिशवी रिकामी झाली की थोडं पाणी घालून हलवायची, ते पाणी कणकेत नाहीतर झाडाला घालायचं, आणि पिशवी सिंकवर उलटी लावून ठेवायची. दुपारपर्यंत वाळते.

दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं, भंगारात त्याला वेगळा भाव मिळतो. पण न धुतलेली पिशवी पोत्यात दोन दिवस राहिली की असा आंबूस वास सुटतो की अख्खं पोतं कमी भावात जातं. आमच्याकडच्या ताई निवडताना पिशवी बोटांत चोळून बघतात, चिकट लागली की वेगळ्या ढिगात टाकतात, धुतलेली असली की न बघताच पोत्यात. आपल्या सिंकवर जे अर्धं मिनिट जातं त्याच्यावर तो भाव ठरतो.

सुक्यातलं काय खरंच रिसायकल होतं?

चांगलं चालतं ते म्हणजे वर्तमानपत्र, वह्या, पुठ्ठा, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या, तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या, तुटलेल्या बादल्या आणि खुर्च्या, पत्र्याचे डबे, काचेच्या अखंड बाटल्या. ॲल्युमिनियमचा तर प्रत्येक कॅन द्या, खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा जुनं वितळवायला सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून भावही चांगला असतो. पाण्याच्या बाटलीपासून धागा निघतो, त्याचे टी-शर्ट आणि उशीतला कापूस बनतो.

अवघड माल म्हणजे वेफर्स, बिस्किटं, मसाले यांची चकचकीत पाकिटं. त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. यावर उपाय आपल्या हातात फारसा नाही, कमी आणणं एवढाच, आणि ते बनवणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकणारे नियम आहेत त्यांची अंमलबजावणी मागत राहणं. तरीही ही पाकिटं सुक्यातच टाका. पुण्यात रुद्रासारख्या संस्था साठवलेलं प्लास्टिक घेऊन त्यापासून इंधन तेल बनवतात, तुमच्या भागात गोळा करायची सोय आहे का बघा.

थर्माकोल हलकं आणि जागा खाणारं, भाव जवळजवळ नाही. टीव्ही-फ्रिजबरोबर येतं ते दुकानदाराला डिलिव्हरीच्या वेळीच परत न्यायला सांगा.

पिझ्झाचा खोका, कागदी कप, एटीएमची पावती, टेट्रा पॅक?

खोक्याचं झाकण बहुतेक वेळा कोरडं असतं, ते फाडून सुक्यात, तळाचा तेलकट भाग तुकडे करून ओल्यात. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो त्यामुळे तो ना धड कागद ना धड प्लास्टिक, ऑफिसात स्वतःचा मग ठेवा हेच खरं उत्तर. एटीएमची आणि मॉलच्या बिलाची पावती रद्दीत नको, त्यावर रसायनाचा थर असतो, ती उरलेल्या सुक्यात. टेट्रा पॅक कापून, धुऊन, चपटा करून द्या, त्यापासून पत्रे आणि बाकं बनतात.

डायपर आणि पॅडचं काय करायचं?

वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. बस. लाल ठिपक्याची ही मोहीम ताईंनीच सुरू केली, कारण सुका निवडताना उघडी पॅड्स त्यांच्या हातात यायची. नियम २०१६ सालापासून आहे की हे गुंडाळून द्यायचं आणि कंपनीने त्यासाठी पाकीट द्यायचं. पाकीट नसलं तर वर्तमानपत्र आहेच की घरात.

काळ्या पिशवीत घालून गाठ मारून सुक्यात लपवणं सगळ्यात वाईट. ते बघून कळत नाही, पिशवी फाडल्यावर कळतं. दुसऱ्याच्या रक्ताला, शीला उघड्या हाताने हात लावायची वेळ कोणावर येऊ नये, आणि यात लाजण्यासारखं काही नाही, मी हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुरुषांसमोर बोलते आणि तुम्हीही बोला. फ्लश तर अजिबात करू नका, पॅडमध्ये मोठा भाग प्लास्टिकचा आणि आतला जेल पाणी शोषून फुगतो, ड्रेनेज तुंबलं की साफ करायला परत माणूसच उतरतो. जमत असेल तर पाळीचा कप किंवा कापडी पॅड, आणि बाळाला घरी असताना लंगोट. ज्यांना नाही जमत त्यांनी ठिपका तेवढा नक्की काढावा.

फुटलेली काच, ब्लेड, इन्सुलिनच्या सुया?

काच जाड कागदात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर "काच" लिहा आणि हातात देताना तोंडाने सांगा. सुया आणि ब्लेड एखाद्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, झाकण घट्ट, भरली की डॉक्टरांना किंवा दवाखान्यात विचारा, बरेच जण घेतात. ताईंना ग्लोव्हज दिलेले असतात तरी सुई त्यातून आरपार जाते.

जुने मोबाईल, चार्जर, सेल, ट्यूबलाइट?

त्या बाल्कनीतल्या खोक्यात. फुगलेली मोबाईलची बॅटरी मात्र घरात साठवू नका आणि सुक्या कचऱ्यात तर बिलकुल टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेटते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात बनवणाऱ्या कंपनीवर रिसायकलिंगची जबाबदारी आहे, बॅटऱ्यांचे वेगळे नियम २०२२ चे आहेत. आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्थांची संकलन मोहीम किंवा स्वच्छचं व्ही-कलेक्ट (जुन्या वस्तू गोळा करायचा उपक्रम). गल्लीतल्या कोणाला वायर देऊ नका जो ती जाळून तांबं काढतो, तो धूर फार विषारी असतो आणि तो जाळणारा माणूस रोज तो ओढतो. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फोडू नका, नव्या ट्यूबच्या खोक्यात जुनी घालून ठेवा.

घरी खत करायचंय पण वास येतो, अळ्या होतात. काय चुकतंय?

नव्वद टक्के वेळा ओलावा जास्त आहे आणि सुकं कमी आहे, एवढंच. चौघांच्या घरात रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो आणि त्यात पाणीच जास्त. प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा, नारळाच्या शेंडीचा भुसा किंवा लाकडाचा भुसा घाला, ओल्याच्या बरोबरीने, कधी थोडा जास्तच. मूठभर माल हातात घेऊन दाबा, पाणी टपकलं तर सुकं वाढवा, अजिबात ओल लागली नाही तर पाणी शिंपडा. दोन-तीन दिवसांनी वरखाली करा म्हणजे हवा जाते. हवा गेली नाही की ते सडतं, हवा मिळाली की कुजतं. वास बंद पडला की समजायचं जमलं.

विरजण म्हणून आंबट ताक चालतं, नाहीतर आधीच्या खताची ओंजळभर माती. कुंडीला किंवा बादलीला खाली आणि बाजूने भोकं हवीत. मोठ्या पांढरट अळ्या दिसल्या तर बऱ्याचदा त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या कचरा भराभर खातात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, किळस वाटली तर वरून पालापाचोळ्याचा जाड थर द्या. भाजीची देठं बारीक करा. उरलेली आमटी गाळून घाला. आंब्याची कोय, नारळाची करवंटी, मोठी हाडं घालू नका, कुजायला फार वेळ घेतात, ती ओल्यात द्या. मासे-मटण घरच्या छोट्या कुंडीत सुरुवातीला नकोच, उंदीर-मांजर येतात.

सहा ते आठ आठवड्यांत काळपट, पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तशा वासाचं खत मिळतं. पावसाळ्यात जास्त दिवस लागतात, घाबरू नका.

खत केलं तर मालमत्ता करात सूट मिळते म्हणतात, खरं का?

हो. गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर ५ टक्के, दोन किंवा तीन असतील तर १० टक्के. पण प्रकल्प खरंच चालू असायला हवा, महापालिकेचे लोक बघायला येतात आणि बंद दिसला तर सूट जाते.

आमची सोसायटी मोठी आहे, आम्हाला वेगळे नियम आहेत का?

रोजचा कचरा १०० किलोच्या वर असेल तर घनकचरा नियमांप्रमाणे तुम्ही मोठे कचरा उत्पादक, आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. बिल्डर खड्डे किंवा मशीन बसवून जातो, ताबा मिळाल्यावर दोन महिन्यांत विजेचं बिल बघून सोसायटी ते बंद करते, अशी मशिनं मी पार्किंगमध्ये धूळ खाताना पाहिलीत. माझं मत विचाराल तर मशीनपेक्षा विटांचे जाळीदार हौद बरे, वीज लागत नाही, बिघडत नाहीत, आणि स्वच्छच्याच एखाद्या ताईंना ते सांभाळायचं काम वेगळे पैसे देऊन द्या, कित्येकींना ते आपल्यापेक्षा चांगलं येतं.

वॉचमन पालापाचोळा जाळतो, थंडीत शेकोटी करतो. चालतं का?

नाही चालत. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५ हजार रुपये दंड सांगितलाय. पण वॉचमनला ओरडण्याआधी त्याला रात्री बसायला बंद केबिन आणि एक हीटर द्या, माणसाला थंडी वाजते म्हणून तो जाळतो. पालापाचोळा पोत्यात भरून ठेवा, वर सांगितलं तसा खताला तोच लागतो, उन्हाळ्यात लोक मागायला येतात.

बायोडिग्रेडेबल लिहिलेली पिशवी ओल्यात टाकू का?

नको. त्यातल्या बऱ्याच पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेतच कुजतात, घरच्या कुंडीत महिनोन्‌महिने तशाच राहतात, आणि सुक्यात गेल्या तर बघून ओळखू येत नाहीत म्हणून चांगल्या प्लास्टिकचा माल खराब करतात. कापडी पिशवी गाडीच्या डिकीत ठेवा. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, देशभरात स्ट्रॉ, चमचे, थर्माकोलची सजावट वगैरे १ जुलै २०२२ पासून बंद, तरी मंडईत पातळ पिशव्या मिळतात, तर आपण घ्यायच्या नाहीत.

बाथरूम तोडतोय, राडारोडा कुठे टाकू?

ठेकेदाराला सुरुवातीलाच लेखी विचारा की तो कुठे टाकणार. नाहीतर रात्री टेम्पो नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी रिकामा होतो, मुठेच्या पात्रात कडेने जी भर दिसते ती अशीच आलीये. वाघोलीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, क्षेत्रीय कार्यालयात विचारलं की उचलायची सोय आणि दर सांगतात.

जुने कपडे, गाद्या, फर्निचर?

घालण्यासारखे कपडे धुऊन, इस्त्री नसली तरी घडी करून द्या. फाटलेले वेगळे बांधा, पुसणी होतात. गादी आणि सोफा जिन्याखाली किंवा कोपऱ्यावर नेऊन ठेवू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कचऱ्याचा ढीग सुरू होतो आणि तो हटायला वर्षं जातात. व्ही-कलेक्टच्या तारखा विचारा, तोवर घरात.

मग उरलेला कचरा जातो कुठे?

पुण्यात रोज दोन हजार टनांच्या वर कचरा निघतो. वर्षानुवर्षं तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर उघडा ओतला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, डेपोला आगी लागल्या, गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की शहरात चार दिवसांत चौकाचौकात ढीग दिसायचे आणि पेपरात बातमी यायची की पुणेकरांचे हाल. हाल त्या गावांचे रोजच होते. जुना ढीग खणून, चाळून जागा मोकळी करायचं काम नंतर सुरू झालं, रामटेकडीसारख्या ठिकाणी प्रक्रिया प्रकल्प आले, ओल्यापासून गॅस बनतो. पण मिसळलेला कचरा आला की हे प्रकल्पही अडखळतात, आणि नवीन प्रकल्प आपल्या शेजारी नको म्हणून प्रत्येक भागात बॅनर लागतात. ओला घरी जिरला की वाहून न्यायचं वजन निम्म्याच्या आसपास येतं, दुसऱ्याच्या गावावर कमी ओझं टाकायचा एवढा सोपा उपाय दुसरा नाही.

भाडेकरू आणि पीजीतली मुलं ऐकत नाहीत.

त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. ॲग्रीमेंटच्या वेळी एक पान द्या, मराठी-हिंदी-इंग्रजीत, आणि दोन रंगांच्या बादल्या घरमालकाने घेऊन द्याव्यात. पहिल्या आठवड्यात एकदा ताईंनाच त्यांच्याशी बोलू द्या, नोटीस चिकटवण्यापेक्षा ते जास्त लागू पडतं.

निर्माल्य आणि गणपतीची मूर्ती?

फुलं-पानं धागा आणि प्लास्टिक काढून खतात. मूर्ती शाडूची असेल तर बादलीत विरघळते, माती कुंडीत. प्लास्टरची असेल तर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवायची, ही पद्धत पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढली आणि महापालिका उत्सवात ती पावडर देते. प्रमाण मूर्तीच्या वजनावर ठरतं, घेताना विचारून घ्या. दोन-तीन दिवस अधूनमधून ढवळायचं, खिडकी उघडी ठेवायची कारण अमोनियाचा वास येतो. खाली चुनखडी बसते, वरच्या पाण्यात खत असतं, भरपूर साधं पाणी मिसळून झाडांना घालता येतं. रंग गडद किंवा ऑइलपेंटचा असेल तर ते पाणी झाडांना नको.

ताई सुट्टीवर असल्या की काय करायचं?

सुका धुतलेला असेल तर आठवडाभर घरात सुखाने राहतो, वास येत नाही. ओला आणि लाल ठिपक्याचं मात्र बदलीवर जी ताई येईल तिला द्या, तिचा नंबर आधी घेऊन ठेवा. वर्षभर रोज येणाऱ्या बाईला गावाकडच्या जत्रेला, लेकीच्या बाळंतपणाला चार दिवस जावंच लागतं, त्याची फी कापू नका.